डेक झुलतो तेव्हा आधी खालून बघा

न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. घर १९९८ चं, मागे लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा उघडा सज्जा. घरापासून बाहेर १४ फूट, रुंदी १८ फूट, आणि खाली वॉकआउट बेसमेंट, म्हणजे थेट अंगणात उघडणारं तळघर, असल्यामुळे जमिनीपासून सुमारे ९ फूट उंच. जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या कड्या, दोन-बाय-आठचे, १६-१६ इंचांवर. तीन वर्षांपूर्वी जुन्या लाकडी फळ्या काढून कंपोझिटच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या, फळ्या बसवल्या. वर एकही स्क्रू दिसू नये म्हणून बाजूच्या खाचेत क्लिपा लावल्या. परवा सत्यनारायणाला २५ माणसं डेकवर होती. मुलं धावली की कलशातलं पाणी थरथरत होतं, आणि आरतीला सगळे उभे राहिल्यावर डेक आडवा डुलतोय असं दोघातिघांना जाणवलं. एक कंत्राटदार म्हणतो, पाडून नवा बांधा. दुसरा म्हणतो, लाकूड आहे, हलणारच. धोका आहे का, आणि न पाडता हे थांबेल का?

मी या भागात बावीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतोय आणि त्यातला बराच वेळ अशा डेकांच्या खाली गेला आहे. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही कंत्राटदारांचं पटत नाही. डेक पाडायची गरज बहुधा नाही. पण ‘हलणारच’ म्हणून सोडून देण्याजोगंही हे नाही, कारण तुम्ही एका दमात दोन वेगळ्या हालचाली सांगितल्या आहेत. मुलं धावल्यावर पाणी थरथरलं ती वर-खाली हालचाल. आरतीला जाणवली ती आडवी. पहिलीने बहुतेक वेळा फक्त जीव घाबरतो. दुसरीने डेक घरापासून सुटू शकतो. त्यामुळे उपायांकडे वळण्याआधी एक तपासणी करा, आणि ती होईपर्यंत वर गर्दी जमवू नका.

तपासायचा तो लेजर, म्हणजे घराच्या भिंतीला जोडलेली आडवी जाड फळी. डेकचा अर्धा भार तिच्यावर असतो. दिवसा, हातात टॉर्च आणि जाडसर स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्याखाली जा. पहिलं बघायचं ते हे की ती घराला कशाने धरली आहे. अर्ध्या इंचाचे बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू ठरावीक अंतरावर दिसले तर बरं. नुसते खिळे दिसले तर तिथेच थांबा, डेकवर जाणं बंद करा आणि आधी बोल्ट मारून घ्या. खिळा खालच्या दिशेचा भार बराच पेलतो, पण बाहेर ओढला की सुटतो, आणि आडव्या झोक्यात नेमकी तीच ओढ बसते. त्या काळच्या अनेक डेकांना खिळेच आहेत. आज जी निवासी बांधकाम संहिता आपण वापरतो तिची पहिली आवृत्तीच २००० सालची आहे, आणि लेजरच्या बोल्टांचे सविस्तर नियम त्यानंतरचे. लेजर विटांच्या दर्शनी थराला ठोकलेला असेल तरीही थांबा. ती वीट पोशाखासारखी असते, भार घ्यायला नसते.

मग स्क्रूड्रायव्हरचं टोक लेजरमध्ये, जॉइस्टांच्या टोकांत आणि शक्य असेल तर लेजरमागच्या घराच्या लाकडात दाबून बघा. निरोगी लाकडात टोक जेमतेम शिरतं. पाव इंच सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. लेजरच्या डोक्यावर पाणी अडवणारा पत्रा, म्हणजे फ्लॅशिंग, असायलाच हवं. ते नसेल तर पंचवीसेक वर्षांचं पाणी त्या फटीत मुरलेलं असतं. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला एका इमारतीची गॅलरी कोसळून सहा तरुण गेले. ती भिंतीतून बाहेर आलेली गॅलरी होती, तुमच्यासारखा खांबांवरचा डेक नव्हे, पण कारण तेच: पाणी आत शिरून आधाराचं लाकूड कुजलं होतं आणि बाहेरून ते सहज दिसत नव्हतं. त्या घटनेपासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी लेजर बघतो, मग ‘काय त्रास होतोय’ ते विचारतो.

जॉइस्ट ज्या लोखंडी पाळण्यात बसतात ते हँगरही याच फेरीत बघा. प्रत्येक भोकात खिळा आहे का? माझ्या अनुभवात निम्म्या जुन्या डेकांना ही भोकं रिकामी सापडतात, किंवा त्यांत साधे डेक स्क्रू मारलेले असतात. डेक स्क्रू ठिसूळ असतो, हादऱ्याने त्याचं डोकं तुटतं. तिथे हँगरसाठीचे जाड, जस्त चढवलेले खिळेच लागतात. ढिल्या हँगरमुळेही डेक झुलतो, आणि तो दोष सगळ्यात स्वस्तात जातो: वर कुणालातरी टाचांवर उसळायला सांगा, खाली हँगरवर बोट ठेवा. लाकूड आणि लोखंड वेगवेगळं हलत असेल तर बोटाला लगेच कळतं.

लेजर ठीक निघाला असं धरून पुढे लिहितो.

तुमच्या डेकचं मूळ दुखणं त्याच्या खणात, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतरात आहे. दोन-बाय-आठचा जॉइस्ट प्रत्यक्षात दीड इंच रुंद आणि सव्वासात इंच उंच असतो. तो घरापासून थेट बाहेरच्या तुळईपर्यंत, जवळपास १४ फूट, मधे कुठेही न टेकता गेला आहे. आजच्या संहितेचा तक्ता सदर्न पाइन लाकडाच्या दोन-बाय-आठला १६ इंचांवर ११ फूट १० इंचांपर्यंतच परवानगी देतो. म्हणजे सुरुवातीपासूनच दोन फूट जास्तीचे होते.

या दोन फुटांनी एवढा फरक का पडावा? माणूस मधोमध उभा राहिला की जॉइस्ट किती लवेल ते लांबीच्या घनावर ठरतं. लांबी दुप्पट केली तर लवणं आठपट होतं. उलट जॉइस्टची उंची वाढवली की त्याच घनाच्या हिशेबाने ते कमी होतं. ७० किलोचा माणूस तुमच्या एकाच जॉइस्टच्या मधोमध उभा राहिला आणि शेजारच्या जॉइस्टांनी काहीच मदत केली नाही, तर तो जॉइस्ट पाव इंचाला थोडा कमी, आपल्या सुताराच्या भाषेत जवळजवळ दोन सूत लवतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तोच जॉइस्ट दोन-बाय-दहाचा असता तर एक सूत. आणि तुमच्याच दोन-बाय-आठला मधे, सात फुटांवर टेकू मिळाला तर पाव सूत. पुढचे सगळे उपाय याच तीन आकड्यांत मोजा.

कोकणातल्या आमच्या जुन्या घरात माजघरावर कडीपाटाचा माळा होता. त्यावर भाताची पोती, नारळ, पावसाळ्याची लाकडं, आणि आम्ही सगळी भावंडं. तो कधी झुलला नाही. लाकूड जाड होतं हे खरं, पण मुख्य म्हणजे खण लहान होता, चार-पाच फुटांवर तुळई. जुन्या सुतारांनी घनाचा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण खण मोठा करायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता गर्दीतच का जाणवतं ते सांगतो. प्रत्येक डेकला स्वतःची थरथरण्याची एक गती असते. तुमच्या मापांवरून रिकाम्या डेकसाठी ती सेकंदाला साडेआठ हेलकाव्यांच्या आसपास येते. माणूस चालतो सेकंदाला साधारण दोन पावलं, पण प्रत्येक पावलाच्या धक्क्यात त्याच्या दुपटीचे, तिपटीचे बारीक धक्केही असतात. आठच्या वर असलेल्या लाकडी तळाला ते फारसे लागत नाहीत. त्यावर २५ माणसं उभी राहिली की वजन वाढतं आणि गती खाली येते, तुमच्या बाबतीत सहाच्या जवळ. सहा म्हणजे दोनाची तिप्पट. मुलांचं प्रत्येक पाऊल डेकच्या झोक्याला बरोबर वेळेवर ढकलत होतं, म्हणून पाणी थरथरत राहिलं. मधे टेकू दिला तर हीच गती चौपट होते आणि पावलांच्या आवाक्याबाहेर जाते.

पण मग १९९८ पासून एवढी वर्षं तुम्हाला हे एवढं का खुपलं नाही? माझ्या मते उत्तर तीन वर्षांपूर्वीच्या कामात आहे. जुन्या लाकडी फळ्या नुसतं पायाखालचं पांघरूण नव्हत्या. प्रत्येक फळी प्रत्येक जॉइस्टला दोन-दोन खिळ्यांनी जखडलेली होती. एका जॉइस्टवर पाय पडला की फळी थोडा भार शेजारच्या दोन-तीन जॉइस्टांवर ढकलायची. शिवाय त्या जोडखिळ्यांमुळे पूर्ण डेक एका सपाट पाटासारखा ताठ राहायचा, चौकटीचा काटकोन बिघडू द्यायचा नाही. कंपोझिट दिसायला सुरेख आहे, त्याला रंग लागत नाही, मलाही आवडतं. पण ते लाकडापेक्षा लवचीक आणि वजनाला जड असतं, त्यामुळे शेजारच्या जॉइस्टला देण्याची ताकद त्यात कमी. आणि क्लिपा तर मुद्दाम अशा बनवलेल्या असतात की ऊन-थंडीत फळीला लांबीला सरकता यावं. फळी सरकू शकते म्हणजे ती काटकोन धरत नाही. जुना डेक दोन अदृश्य मदतनिसांवर उभा होता, आणि फळ्या बदलल्या त्या दिवशी दोघेही गेले. फळ्या बदलणाऱ्याने हे तुम्हाला सांगायला हवं होतं असं मला वाटतं. अजूनही फार थोडे जण सांगतात.

म्हणून उपाय खालून करायचे. वर आणखी एक थर टाकणं, फळ्यांना जास्तीचे स्क्रू मारणं यात पैसे घालू नका.

सगळ्यात मोठा फरक मधल्या तुळईने पडेल. घर आणि बाहेरची तुळई यांच्या बरोबर मधे, जॉइस्टांना काटकोनात. तुमच्या १८ फूट रुंदीला तीन खांब, आठ-आठ फुटांवर, दोन्ही टोकांना एकेक फूट तुळई पुढे आलेली. ढोबळ हिशेबाने तीन दोन-बाय-दहा एकत्र बांधलेली तुळई आणि सहा-बाय-सहाचे खांब पुरतात, पण शेवटचा आकार तुमच्या जागेवर येऊन बघणाऱ्या इंजिनिअरकडून घ्या. खांबाच्या पायाला काटकसर करू नका. मधल्या खांबावर गर्दीच्या वेळी ४,००० पौंडांहून जास्त भार येतो. माती चौरस फुटाला १,५०० पौंड घेते असं धरलं तर त्याला २४ इंच व्यासाचा काँक्रीटचा पाया लागतो, आणि तो हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली, आपल्याकडे साधारण तीन फूट. पॅटिओच्या फरशीवर नुसता खांब उभा करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तो पहिल्याच हिवाळ्यात वर उचलला जाईल. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी ते फुकट आखून देतात. आणि टाऊनशिपच्या बांधकाम खात्यात परवान्याचं आधी विचारा.

या कामात सगळे चुकतात ती जागा म्हणजे तुळई आणि जॉइस्ट यांच्यातली फट. तुमचे चौदा-पंधरा जॉइस्ट इतक्या वर्षांत सारखे वाकलेले नाहीत. सरळ तुळई खाली लावली की काही जॉइस्ट टेकतील, काहींच्या खाली एक-दोन सूत फट राहील. फट राहिलेल्या जॉइस्टला ती तुळई नसल्यासारखीच आहे. तुळई जॅकने हलकेच वर घ्या, सर्वांत खाली आलेले जॉइस्ट जेमतेम एखादं सूत उचलले जातील इतकीच. मग उरलेल्या प्रत्येक फटीत ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडाची किंवा टणक प्लास्टिकची पाचर घट्ट बसवा, आणि प्रत्येक जॉइस्ट तुळईला लोखंडी टायने, म्हणजे बांधणाऱ्या पट्टीने, बांधा. जास्त उचलायचा मोह टाळा. वर रेलिंग आणि दाराचा उंबरठा आहे, ते बिघडेल. पाचरी एकदा बसवून सहा महिन्यांनी परत बघा, नवी तुळई सुकून थोडी आक्रसते.

या तुळईचा आणखी एक फायदा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही. पुढे डेकवर जो माणसांचा भार येईल त्यातला मोठा वाटा ती घेते, आणि लेजरवर येणारा भार निम्म्याहून कमी होतो. जुन्या लेजरसाठी ही मोठी विश्रांती आहे.

खाली बसायची जागा आहे, मधे खांब नकोत, असं काही घरांत असतं. मग प्रत्येक जॉइस्टला जोडीदार द्यायचा, तशाच मापाचा दुसरा जॉइस्ट चिकटून. ताठपणा दुप्पट, लवणं निम्मं: दोन सुताचं एक सूत. टेकूच्या तुलनेत हे कमी आहे हे ध्यानात ठेवा आणि कष्ट जास्त आहेत. जोडीदार पूर्ण १४ फुटांचा असलाच पाहिजे असं नाही. जॉइस्ट सर्वाधिक वाकतो तो मधल्या भागात, म्हणून मधोमध बसवलेला दहा फुटांचा तुकडाही बराचसा फायदा देतो आणि हँगरशी झटापट वाचते. पण हे फक्त झुलणं कमी करण्यासाठी. जॉइस्ट कुजलेला किंवा चिरलेला असेल तर अर्धा जोडीदार चालत नाही, नवा पूर्ण लांबीचा हवा. जोडणी जाड स्ट्रक्चरल स्क्रूंनी, वर-खाली नागमोडी, दर फुटा-सव्वाफुटावर. मूठभर खिळे मारले तर दोन लाकडं एकमेकांवर घसरत राहतील.

तुळई घाला किंवा जोडीदार, ब्लॉकिंग मात्र दोन्ही बाबतीत करा. जॉइस्टांच्या मधल्या प्रत्येक गाळ्यात, जॉइस्टच्याच उंचीचा लाकडी ठोकळा, एका ओळीत. तुळई घातलीत तर तिच्या डोक्यावर एक ओळ. नाही घातलीत तर १४ फुटांच्या लांबीचे तीन भाग करून दोन ओळी. जुन्या फळ्या करत होत्या ते शेजाऱ्याला भार देण्याचं काम हे ठोकळे करतात. एकट्या ब्लॉकिंगने जॉइस्ट ताठ होत नाही, पण ज्या जॉइस्टवर पाय पडला तो एकटा लवत नाही. ठोकळा इतका घट्ट हवा की हातोडीने ठोकून बसवावा लागेल. प्रत्येक गाळा वेगळा मोजा. सगळे साडेचौदा इंचांचे असतील असं धरून एकदम कापलेत तर अर्धे ढिले बसतील, आणि ढिला ठोकळा निव्वळ कुरकुरतो. एका शनिवारात, शेजाऱ्याच्या मदतीने, हे काम घरच्या घरी होतं.

तुमचा डेक १९९८ चा म्हणजे त्याचं लाकूड बहुधा आर्सेनिक असलेल्या जुन्या द्रवाने ट्रीट केलेलं आहे; घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीपर्यंत चालू होतं. त्याला हात लावलात तर नंतर हात धुवा, कापताना मास्क घाला, भुसा गोळा करून टाका, आणि उरलेले तुकडे शेकोटीत कधीच जाळू नका. आत्ताच्या ट्रीटेड लाकडात तांबं जास्त असतं आणि ते साध्या जस्ताच्या लोखंडाला लवकर गंज लावतं. त्यामुळे नवे हँगर, टाय, खिळे घेताना जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच मागा.

आता आडव्या डुलण्याकडे येतो, कारण मला काळजी त्याची आहे. नऊ फूट उंच खांब, वर सरकत्या फळ्या, आणि काटकोन धरणारं काहीच नाही. लाकडी फाटकाला तिरकी पट्टी नसेल तर ते चार महिन्यांत लोंबतं, तसाच हा प्रकार. चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र तिरपा होत नाही. तुम्हाला दोन ठिकाणी त्रिकोण करायचे आहेत.

पहिला डेकच्या पोटाखाली: दोन-बाय-सहाची लांब फळी, लेजरच्या एका कोपऱ्यातून निघून जॉइस्टांच्या खालून तिरकी, बाहेरच्या तुळईच्या दिशेने ४५ अंशांत, वाटेतल्या प्रत्येक जॉइस्टला दोन-दोन स्ट्रक्चरल स्क्रूंनी जोडलेली. तशीच दुसरी विरुद्ध कोपऱ्यातून. नवी तुळई मधे येणार असेल तर या फळ्या तिथे तोडून दोन्ही बाजूंना पुन्हा धरा. जुन्या फळ्यांचं काटकोन धरण्याचं काम यांनी परत येतं, आणि खर्च इतका कमी की हे न करण्याला कारणच नाही. दुसरा त्रिकोण खांब आणि तुळई यांच्यात: खांबाच्या माथ्यापासून दोन फूट खालून निघून तुळईला दोन फुटांवर मिळणारा तिरका आधार, दोन्ही टोकांना बोल्ट. बाहेरच्या तुळईचे खांब चार-बाय-चारचे असतील तर मी ते या निमित्ताने बदलेन. सहा-बाय-सहाचा खांब त्यापेक्षा सहापट ताठ असतो. तुळई खांबाच्या बाजूला नुसती बोल्टने टांगलेली असेल तर नव्या खांबाच्या डोक्यावर बसवून घ्या.

घरापासून सुटण्याविरुद्ध शेवटचा बंदोबस्त म्हणजे डेकच्या जॉइस्टला घराच्या आतल्या जॉइस्टशी बांधणारे लोखंडी टाय. संहितेत त्याचे दोन मार्ग आहेत: दोन्ही टोकांजवळ १,५०० पौंडांचा एकेक, किंवा ७५० पौंडांचे चार. चारवाल्यांतले काही प्रकार बाहेरूनच बसतात, आतलं छत फोडावं लागत नाही, म्हणून जुन्या घरांत मी तेच सुचवतो.

हातात पैसे थोडे असतील तर माझा क्रम असा असेल: लेजरचे बोल्ट आणि हँगरचे खिळे, मग पोटाखालच्या तिरक्या फळ्या आणि टाय, मग ब्लॉकिंग, आणि शेवटी, जमेल त्या वर्षी, मधली तुळई. कलशातलं पाणी सगळ्यात जास्त शांत होईल ते शेवटच्या कामाने, पण आधीची कामं झाल्याशिवाय त्याला हात घालू नका.

प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर मोजमाप घ्या. खाली पॅटिओवर एक सरळ काठी उभी करून तिचं वरचं टोक मधल्या जॉइस्टच्या बाजूला लागून ठेवा, रिकाम्या डेकला पेन्सिलची रेघ मारा, मग एकाच माणसाला वर त्याच जागी उभं करून दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर वहीत तारखेसह लिहा. कंत्राटदाराशी बोलताना ‘अजून झुलतोय’ म्हणण्यापेक्षा ‘दीड सुताचं एक सूत झालं, अजून अर्धं हवंय’ हे कामाला येतं.

गणपतीपर्यंत लेजर आणि आडव्या बांधणीचं काम झालं नसेल तर आरती आतच करा. लेजरचे फोटो पाठवाल तेव्हा वरचं फ्लॅशिंग आणि बोल्टांची पूर्ण ओळ एकाच चौकटीत येईल असे काढा, आणि एक फोटो हँगरचा अगदी जवळून.